इराणी सोन्याची नाणी जमवायची तर आधी त्यावरची तारीख वाचायला शिका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे सासरे १९७० च्या दशकात इराणमध्ये डॉक्टर होते, त्यांच्या कपाटात सोन्याची दोन नाणी निघाली. एकावर शहाचा चेहरा आहे आणि इराणी शेजाऱ्याने त्यावरचं साल २५३६ असं वाचून दाखवलं. दुसरं बारीक आहे, त्याला कडी लावलेली आहे, एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला टोपी घातलेला गोल चेहऱ्याचा मुलगा. सराफ म्हणाला "मोठं डुप्लिकेट वाटतंय, गिनीपेक्षा वजन जास्त आहे आणि कस कमी, साल पण भलतंच, मोडून टाका". आणि तुम्हाला मोडायचं नाहीये, उलट अजून जमवायची आहेत, तर सुरुवात कुठून करू आणि खरं-खोटं कसं ओळखू.

पहिलं म्हणजे मोडू नका. मी गेली २० वर्षं दुबईत आहे, इथे इराणी व्यापाऱ्यांची वस्ती जुनी, त्यांच्याकडूनच हा नाद लागला आणि कजारांच्या (पहलवींच्या आधीचं राजघराणं) काळापासून आत्तापर्यंतची इराणी सोन्याची नाणी हाच माझा विषय आहे. सराफाने जी तीन कारणं सांगितली ना, वजन जास्त, कस कमी, साल भलतंच, तीच तुमचं नाणं बरोबर असल्याची लक्षणं आहेत.

वजनाचं बघा. आपण गिनी म्हणतो ते इंग्लंडचं सॉव्हरिन, ७.९८८ ग्रॅम आणि २२ कॅरेट. तुमचं मोठं नाणं म्हणजे इराणचं एक पहलवी, ते ८.१३६ ग्रॅम आणि ९०० चा कस, म्हणजे २१.६ कॅरेट. आता दोन्हीतलं शुद्ध सोनं काढा, दोन्हीकडे ७.३२ ग्रॅमच येतं. हा योगायोग नाही. १९३० मध्ये रेझा शहाच्या (तुमच्या नाण्यावरच्या मोहम्मद रेझा शहाच्या वडिलांच्या) सरकारने नवीन चलनाचा कायदा केला तेव्हा पहलवीतलं सोनं मुद्दाम पौंडाच्या सोन्याइतकं ठेवलं, फक्त तांबं थोडं जास्त घातलं, म्हणून वजन वाढलं. सराफाने ८.१३ भरलं असेल तर नाणं अगदी जागेवर आहे. गिनीच्या मापाने पहलवी तोलायचं आणि खोटं ठरवायचं, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की त्या पायी किती चांगली नाणी मुशीत गेली असतील याचा विचार केला तरी वाईट वाटतं.

आता साल. इराणमध्ये १९२५ पर्यंत नाण्यांवर हिजरी चांद्र साल यायचं, त्यानंतर हिजरी सौर साल सुरू झालं, ते आजही चालू आहे. सौर सालात ६२१ मिळवा की इसवी सन, म्हणजे १३३९ असेल तर १९६० (त्यांचं वर्ष २१ मार्चच्या आसपास नवरोझला बदलतं, त्यामुळे त्या वर्षाचे शेवटचे तीन महिने १९६१ मध्ये जातात). चांद्र सालाला मात्र सरळ बेरीज चालत नाही, सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, १२९५ चं उत्तर १८७८ येईल, एखाद वर्ष इकडे तिकडे. आणि मध्ये एक तिसरंच प्रकरण झालं. मार्च १९७६ मध्ये मोहम्मद रेझा शहाने हिजरी साल बाजूला ठेवून कुरुष म्हणजे सायरस बादशहापासून मोजलेलं शाही साल लागू केलं, रातोरात १३५५ चं २५३५ झालं. लोकांना ते अजिबात आवडलं नाही, १९७८ मध्ये आंदोलन पेटलं तेव्हा सरकारला ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे हे साल असलेली नाणी २५३५, २५३६ आणि २५३७ एवढीच. तुमचं २५३६ म्हणजे १९७७-७८. सासरे तिथे असतानाच बँकेतून किंवा बाजारातून घेतलेलं असणार, तेव्हा तिथे नोकरीला गेलेली बरीच भारतीय मंडळी पगारातून असं एखादं नाणं बाजूला टाकायची. (मुंबईतल्या पारशांचं शहेनशाही पंचांग ऐकलं असेल, त्याचा याच्याशी संबंध नाही, ते यज्दगर्द राजापासून मोजतात.)

म्हणून नवीन माणसाने सगळ्यात आधी काय करावं तर सोनं नाही घ्यायचं, फारसी आकडे शिकायचे. एका संध्याकाळचं काम आहे. एक म्हणजे उभी रेघ. दोन आणि तीन एकसारखे दिसतात, वरचे दाते मोजायचे, तीनला एक दाता जास्त. पाच म्हणजे पत्त्यातला बदाम उलटा धरलेला. सात म्हणजे वर उघडलेला कोन आणि आठ म्हणजे तोच कोन खाली उघडलेला. नऊ इंग्रजीतल्यासारखाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका, इथेच लोक फसतात, कारण झिजलेल्या नाण्यावर ठिपका दिसतच नाही आणि १३१० चं साल १३१ वाटतं. चार आणि सहा भिंगाखाली नीट बघून घ्यायचे, मळ भरला की दोन्ही फसवतात. हे जमलं की विकणारा सांगेल त्यावर अवलंबून राहायची गरज उरत नाही, आणि या छंदात निम्मे पैसे तिथेच वाचतात, कारण एकाच चेहऱ्याच्या, एकाच वजनाच्या दोन नाण्यांत एक निव्वळ सोन्याच्या भावाचं असतं आणि दुसरं त्याच्या कितीतरी पट, फरक फक्त सालाचा.

आता काय जमवायचं. माझं सरळ मत सांगतो, सुरुवात मोहम्मद रेझा शहाच्या पहलवींपासून करा, मागे कजारांकडे नंतर जा. कारण पहलवी भरपूर निघाली, बँकेतून लोकांना विकण्यासाठीच पाडली जायची, लग्नात आणि नवरोझला द्यायची पद्धत होती, त्यामुळे आजही सोन्याच्या भावाच्या आसपास मिळतात आणि चुकलात तरी सोनं कुठे जात नाही. यात पाव, अर्धं, एक, अडीच, पाच आणि दहा पहलवी अशी रांग आहे, वजन सरळ पटीत, पाव २.०३४ ग्रॅम, अर्धं ४.०६८, अडीच २०.३४, पाच ४०.६८ आणि दहा पहलवी ८१.३६ ग्रॅम म्हणजे जवळजवळ सात तोळ्यांचं नाणं, हातात घेतलं की काळजात धस्स होतं. अर्ध्याला ते नीम म्हणतात, आपल्या निमसरकारी मधला नीम तोच.

एक पहलवीचे त्याच्या राज्यातले टप्पे लक्षात ठेवा. १९४१ मध्ये मित्रराष्ट्रांच्या फौजा इराणमध्ये शिरल्या, रेझा शहाला गादी सोडावी लागली आणि २१ वर्षांचा मुलगा शहा झाला. त्याच्या सुरुवातीच्या नाण्यांवर (सौर १३२० पासून) चेहराच नाही, एका बाजूला नुसतं नाव आणि दुसऱ्या बाजूला सिंह-सूर्य, म्हणजे तलवार धरलेला सिंह आणि मागे सूर्य, हे इराणचं तेव्हाचं राजचिन्ह. मग १३२४ च्या सुमारास चेहरा आला, तरुण, डावीकडे बघणारा, आणि ठसा चांगला उंच, गालाचं हाड बोटाला लागतं. १३३० च्या पुढे ठसा चपटा केला, कारण उंच ठसा पटकन झिजतो आणि पाडायलाही जड जातो. आणि शेवटच्या काही वर्षांत वय झालेला चेहरा आणि नावात आर्यमेहर हा किताब, तुमचं २५३६ चं त्यातलं. पहिल्यांदा हे चार प्रकार एकेक करून जमवा. मला स्वतःला तो उंच ठशाचा सगळ्यात आवडतो, चांगल्या अवस्थेतला मिळाला तर दोन पैसे जास्त द्या, पुढे असा मिळेलच असं नाही.

पाव पहलवीत एक गंमत आहे, आधीची लहान आणि जाड, नंतरची रुंद आणि पातळ, वजन तेच. दोन शेजारी ठेवली की नवशिक्याला एक खोटं वाटतं. दोन्ही खरी.

एक सापळा मात्र सांगितलाच पाहिजे. 'पहलवी' या एकाच नावाची दोन वेगळी नाणी आहेत. रेझा शहा १९२५ च्या डिसेंबरात गादीवर आला, एप्रिल १९२६ मध्ये राज्याभिषेक झाला आणि सौर १३०५ पासून त्याने जी पहिली पहलवी काढली ती फक्त १.९१८ ग्रॅमची होती, तिची दोनची आणि पाचची नाणी ३.८३६ आणि ९.५९ ग्रॅमची. ही १३०८ पर्यंतच चालली. त्यानंतरच्या कायद्याने ८.१३६ ग्रॅमची आली. त्यामुळे कोणी "एक पहलवी रेझा शहा" म्हणून विकत असेल तर आधी वजन विचारा आणि मग साल. १३१० सालचं मोठं एक पहलवी फारच थोडं निघालं, ते समोर आलं तर माझ्यासारखा माणूस आधी शंका घेतो आणि मग आनंद मानतो, तुम्हीही तोच क्रम ठेवा. त्या वेळचं अर्धं पहलवी त्या मानाने भेटतं.

१९७१ मध्ये शहाने इराणी साम्राज्याच्या २५०० वर्षांचा सोहळा पर्सेपोलिसला केला, त्याची ५००, ७५०, १००० आणि २००० रियालची सोन्याची नाणी निघाली, आरशासारखी चकचकीत, पेटीत बसवलेली. ही लोकांच्या हातात फिरायला नव्हतीच. मिळाली तर पेटीसकट घ्या आणि बोटाचा ठसा लागू देऊ नका, आरशावर लागलेलं बोट परत जात नाही. याच काळातली सोन्याची पदकंही खूप आहेत, १९६७ च्या राज्याभिषेकाची शहा आणि फराहचे चेहरे असलेली वगैरे. ती सुंदर असतात पण पदकावर 'यक पहलवी', 'नीम पहलवी' असं मूल्य नसतं, विकणारा नाणं म्हणून देत असेल तर मूल्य कुठे लिहिलंय ते दाखव म्हणा.

१९७९ च्या क्रांतीनंतर सिंह-सूर्य गेला, चेहरा गेला, पण वजन आणि कस तोच ठेवला, ८.१३६ आणि ९००. नाव झालं बहार-ए आझादी, स्वातंत्र्याचा वसंत. जुन्या धर्तीच्या नाण्यावर इमाम रेझांचा मशहदचा दर्गा आहे, नंतरच्यावर खोमेनींचा चेहरा, त्याला बाजारात एमामी म्हणतात. नीम, रोब म्हणजे पाव, आणि साधारण एक ग्रॅमचं गेरामी अशी त्याची भावंडं. ही नाणी इराणमध्ये आजही घराघरात आहेत, लग्नातली मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) सोन्याच्या नाण्यांत ठरते, चौदा म्हणजे शिया पंथातल्या चौदा पवित्र व्यक्तींच्या नावाने, एकशेदहा म्हणजे अली या नावातल्या अक्षरांना अरबी पद्धतीने जे आकडे धरतात त्यांची बेरीज, आणि पुढे २०१३ च्या सुमारास लागू झालेल्या कुटुंब कायद्यात मेहर थकल्यावर तुरुंगाची कारवाई ११० नाण्यांपर्यंतच, अशी मर्यादाच आली. म्हणजे तिथे ते नाणं एकाच वेळी दागिना, बचत आणि न्यायालयातला पुरावा आहे. संग्राहकाला यातून एवढंच घ्यायचं की एमामीचा तेहरानमधला भाव सोन्याच्या भावापेक्षा खूप वर असू शकतो, रियाल घसरायला लागला की लोक नाण्यांवर तुटून पडतात, त्या जादा भावाला ते होबाब म्हणतात, बुडबुडा. तो बुडबुडा इराणच्या आत आहे. दुबईत किंवा पुण्यात तुम्ही तो भाव देऊ नका, इथे त्याचं मोल ७.३२ ग्रॅम सोनं आणि वर थोडं. तिथे १३८६ (२००७) च्या आधीच्या तारखेच्या नाण्याला 'तारीख पायीन' म्हणून कमी भाव देतात, म्हणजे आपल्या छंदाच्या बरोबर उलट, जुनं ते स्वस्त.

आता कजार, तुमचं दुसरं नाणं. नासिरुद्दीन शहा १८४८ ते १८९६, जवळजवळ ५० वर्षं राज्य, सुवर्णमहोत्सवाच्या तोंडावर दर्ग्यात गोळी घालून मारला गेला. त्याच्या राज्यात १८७७ च्या आसपास तेहरानमध्ये ऑस्ट्रियन माणसाच्या देखरेखीखाली यंत्रावरची टांकसाळ सुरू झाली. त्याआधीची तोमान (कजारांचं सोन्याचं नाणं) हातोड्याची, वेडीवाकडी, साधारण साडेतीन ग्रॅमच्या आतली, आणि प्रत्येक गावाची टांकसाळ वेगळी, गावाच्या नावाआधी त्याची पदवी कोरलेली. तेहरान दार-उल-खिलाफा, तबरीझ दार-उस-सल्तनत, शिराझ दार-उल-इल्म म्हणजे विद्येचं घर, यझ्द दार-उल-इबादत, किरमान दार-उल-अमान. हातोड्याच्या नाण्यावर ठसा कधीच पूर्ण बसत नाही, गावाचं नाव अर्धं कापलेलं असतं, तेव्हा ही पदवी वाचता आली तर गाव सापडतं. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी रात्री दोन वाजता बायकोला उठवून दाखवलं होतं. यंत्राची तोमान २.८७ ग्रॅमच्या आसपास, कस ९००, त्यात पाच हजार दिनार म्हणजे अर्धा तोमान १.४४ ग्रॅमचं आणि दोन हजार दिनार जेमतेम अर्ध्या ग्रॅमचं, नखाएवढं.

तुमच्या नाण्यावरचा टोपीतला गोल चेहऱ्याचा मुलगा बहुतेक अहमद शहा, शेवटचा कजार. १९०९ मध्ये बापाला पदच्युत करून याला बसवलं तेव्हा वय ११. १९२५ मध्ये त्यालाही काढलं. ही बारीक नाणी दागिन्यात फार वापरली गेली, हार, कानातलं, बाळाच्या टोपीला, म्हणून निम्म्यांना भोक किंवा कडी असते. कडीमुळे संग्राहकाच्या दृष्टीने किंमत बरीच उतरते हे खरं, पण म्हणून सराफाकडे जाऊन कडी काढून टाका असं अजिबात करू नका. टाका उतरवताना आच लागते, कडेच्या रेघा वितळतात, वर तो नाणं उजळून देतो आणि त्या जागी एक चकचकीत डाग कायमचा राहतो. कडी असलेलं प्रामाणिक नाणं मला कडी काढून घासलेल्या नाण्यापेक्षा केव्हाही बरं वाटतं.

खरं-खोटं. पितळेवर मुलामा दिलेलं कोणीही पकडेल, त्याची भीती नाही. भीती सोन्याच्याच खोट्या नाण्यांची. गिनीच्या नकला पूर्वी बैरूतकडे खऱ्या सोन्यात होत होत्या, तशी इराणी नाण्यांचीही फिरतात, वजन बरोबर, कस बरोबर. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका दुकानातून उंच ठशाचं पहलवी घेतलं, काट्यावर ८.१३, पाण्यातलं वजनही बरोबर, खुशीत घरी आलो. आठवड्याने दुसऱ्या खऱ्या नाण्याशेजारी भिंगाखाली ठेवलं तेव्हा दिसलं की सिंहाच्या आयाळीतले केस एकमेकांत मिसळून लापशी झालेत, आणि तलवारीची कड जिथे नाण्याच्या सपाट भागाला भिडते तिथे धार नाही, गोलाई आहे. ओतून किंवा नक्कल ठशावर पाडलेलं होतं ते. सोनं गेलं नाही, वरचे दिलेले पैसे गेले. तेव्हापासून एकट्या नाण्याकडे बघून मी निर्णय घेत नाही, त्याच प्रकारचं खात्रीचं नाणं शेजारी लागतंच.

घरी करायची तपासणी एवढीच. शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या, स्वयंपाकघरातला नको. नुसतं वजन, मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. एक पहलवी असेल तर काटा ०.४७ ग्रॅम दाखवेल. ०.५५, ०.६ यायला लागलं तर आत भेसळ आहे. कडेवरच्या रेघा बघा, सलग आणि सारख्या हव्यात, एका जागी पुसट असेल तर तिथे कधीतरी कडी होती. आणि कृपा करून सराफाला कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. एका नेहमीच्या सराफाने माझं १३२८ चं नाणं माझ्या डोळ्यादेखत दगडावर एकदाच ओढलं, कडेला अर्ध्या सेंटीमीटरचा चपटा पट्टा झाला, त्याच्या दृष्टीने त्याने कामच केलं होतं. मशीनवर कस बघणारं दुकान शोधा, त्याने नाण्याला काही होत नाही.

घेताना बिल घ्या, त्यावर वजन, कस आणि साल लिहून घ्या. तेहरानला कधी गेलात तर मनूचेहरी रस्त्यावर जुन्या नाण्यांची दुकानं आहेत, आणि सेपा बँकेचं नाण्यांचं संग्रहालय बघाच, तिथे तासभर घालवलात तर इतकी खरी नाणी डोळ्यांखालून जातात की नजर आपोआप तयार होते. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि इराणवरचे निर्बंध दोन्हीची आधी नीट चौकशी करा, पैसे अडकलेले मी पाहिलेत. आणि आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं, ते देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा तुमचं अहमद शहाचं दाखवायला म्हणून इकडे दुबईत आणू नका.

त्याऐवजी असं करा, त्या छोट्या नाण्याचे तीन फोटो काढा, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. एक सिंहाच्या बाजूचा, एक चेहऱ्याचा आणि एक कडीच्या जागचा अगदी जवळून. धुवू नका, पुसूही नका. तारीख साधारण सिंहाच्या पायाखाली असते, तिथे मळ बसला असेल तर तसाच राहू दे, तिरप्या उजेडात धरलंत तर मळातूनही आकडे दिसतात. आणि वजन लिहा, १.४ च्या आसपास भरलं तर पाच हजार दिनार, २.८ च्या वर गेलं तर तोमान. साल मी वाचून सांगतो, पण त्याआधी वर दिलेल्या आकड्यांवरून तुम्ही स्वतः एकदा वाचून बघा आणि काय आलं तेही कळवा.